झबली

हाल्वोर क्वाम्मेच्या कचेरीत
एकोणीस वर्षं मी रेघा गिरवल्या.
औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या.
खालून कापराचा वास यायचा,
वर आम्ही तिघं: तो, मी
आणि भाडं न देता राहणारा डकोटाचा वारा.

तो कागदावर पेन्सिलीनं काढायचा,
मी कापडावर शाईनं उतरवायचे.
खळ दिलेलं, निळसर, तलम कापड.
कपाळावरचा घाम एक थेंब पडला
की अख्ख्या कोर्टाला भोक.

एकशे त्रेसष्ट इमारती. मी मोजल्यात.
एकेचाळीस शाळा, बावीस बँका,
लोण्याचे कारखाने किती ते सोडा,
हार्डवेअरच्या दुकानावर एक नाटकगृह
(खिळ्यांच्या पेट्या प्रत्येक टाळीला खुळखुळत),
आणि रॉसबेकचा तुरुंग,
जिथे पहिला कैदी त्याचा स्वतःचा गवंडी,
शनिवारी रात्री पिऊन सापडलेला.
सकाळी म्हणाला, उत्तरेची भिंत ओळंब्यात नाही,
मला ठाऊक आहे, मीच रचलीय.

अकरा शाळांना एकच जिना.
सात पायऱ्या, वळण, वळणावर खिडकी, मग नऊ पायऱ्या.
कुणी विचारलं तर हाल्वोर सांगे:
बापाचं शेत गेलं आणि पोर दुसऱ्या गावी आलं
तर निदान पायांना तरी परकं वाटू नये.
खरं कारण मला माहीत होतं.
शाळेची मंडळी ऐंशी डॉलर देत,
त्यातले वीस गव्हाच्या पोत्यांत.
नवा जिना त्यात बसत नव्हता.
पण पोरं खरंच यायची गावं बदलून,
आणि खरंच धावत चढायची, खाली न बघता.
तेव्हा कोणतं कारण खरं, ते मी आता सांगत नाही.

बँका बुडाल्या त्या वर्षी
तोही रांगेत होता, सतरावा,
स्वतः काढलेल्या ग्रॅनाइटच्या खांबाला टेकून.
दार उघडलंच नाही.
संध्याकाळी कचेरीत येऊन टोपी खुंटीला लावली,
म्हणाला, खांब चांगले झालेत.

त्याचं स्वतःचं घर नव्हतं.
एकदा काढायला घेतलं होतं,
दोन खोल्या आणि पूर्वेला ओटा,
तेवढ्यात एकेर गावाहून तार आली,
चर्चवर वीज पडली म्हणून.
तो कागद मग टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली गेला.

चौतीस सालच्या मार्चमध्ये तो गेला.
धूळ इतकी, की दुपारी दोनला कंदील लावून पुरलं.
कचेरी रिकामी करायला चार दिवस दिले होते.
गुंडाळ्यांना गिऱ्हाईक नव्हतं.
आणि गावात त्या वर्षी सात बायका पोटुशी,
दुकानात कापडाला हात लावायची सोय नाही.

मी तांब्याचं मोठं पातेलं चढवलं.
साबणाच्या पाण्यात आधी बँका घातल्या.
खळ सुटली, कोर्ट मऊ झालं,
शाळा तारेवर वाळल्या लुगड्यासारख्या मऊसूत
— नाही, लुगडं कुठून येणार तिथे,
पडद्यासारख्या म्हणा हवं तर.
बऱ्याच रेघा गेल्या. सगळ्या नाही गेल्या.
सिग्ने होव्हलंडच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला
पाद्र्यानं दंडुक्यासारखं बोट ठेवून विचारलं,
हे पोटावर काय लिहिलंय?
मी म्हटलं, गटाराचा उतार.

आता विद्यापीठातून एक पोरगा आला.
नीट भांग, वही, नम्र.
क्वाम्मेचे मूळ नकाशे कुठे मिळतील?
मी म्हटलं, एक कॅलिफोर्नियात टपाल वाटतो,
एक ओमाहाला नर्स आहे,
दोघं कोरियाहून परत आले, एक नाही आला.
त्यानं वहीत काहीच लिहिलं नाही.

मग मी खालचा खण ओढला.
एक झबलं मी ठेवलंय,
माझंच पोर, जे घालण्यापूर्वीच गेलं, त्याचं.
पोरगा खिडकीशी गेला, उजेडात धरलं,
ओठ हलवत मोजू लागला.
सात पायऱ्या, वळण, खिडकी,
पुढच्या दोन,
आणि तिथे गळ्यासाठी कापलेलं आहे.